मदत हवी आहे: लंबकाच्या तक्त्यात T (एका दोलनाचा काळ) किती सार्थ अंकांपर्यंत (significant figures) लिहायचा?

अकरावीच्या साध्या लंबकाच्या प्रयोगात लांबी L = 100.0 सेमी (गोळ्याच्या केंद्रापर्यंत), 20 दोलनांना 40.1 सेकंद. स्टॉपवॉचचे लघुतम माप 0.1 सेकंद, कोन लहान, π कॅल्क्युलेटरवरचा.

20 ही दोलनं एक-एक गणून आलेली अचूक संख्या, म्हणून तिला सार्थ अंकांची मर्यादा नाही. 40.1 मध्ये तीन, म्हणजे नियमाने T लाही तीनच. पण 40.1 ÷ 20 = 2.005. नेमका 5 वर अडतो! वर नेला तर 2.01 आणि g (गुरुत्वत्वरण, 4π²L/T², मी/से² मध्ये) = 9.77, सम अंकाकडे नेला तर 2.00 आणि g = 9.87. न कापता 2.005 ठेवला तर 9.82. एका अंकाने एवढा फरक पडू देणं मला पटत नाही. शिवाय T मधली अनिश्चितता 0.1 ÷ 20 = 0.005 सेकंद, म्हणजे तिसरं दशांशस्थळ निरर्थक नाही.

शेवटचं उत्तर तीन अंकांत द्यायचं, हे ठाऊक आहे. अडचण मधल्या पायरीची आहे, कारण T² चा रकाना आणि आलेख त्यावरूनच होतात, आणि प्रयोगवहीत त्रुटीचा वेगळा रकाना नाही. तक्त्यात 2.005 लिहिलं तर तपासताना चूक धरतात का? की जादा अंकाखाली रेघ मारून तो राखीव असल्याचं दाखवायचं?