काळीज म्हणजे यकृत की हृदय? (निमित्त : एका गुमिहोचे)

सांजवात :
कोरियन शिकताना सराव म्हणून मी एका चित्रकथेची पहिली काही प्रकरणे मराठीत उतरवीत आहे. नेव्हर या कोरियन संकेतस्थळाच्या वेबटूनवर, म्हणजे ऑनलाइन चित्रकथांच्या दालनात, २०१७ पासून क्रमशः आलेल्या या प्रेमकथेवर २०२१ मध्ये मालिकाही निघाली. तिचा नायक ९९९ वर्षांचा गुमिहो आहे, म्हणजे कोरियन लोककथांमधला, माणसाचे रूप घेणारा नऊ शेपटांचा प्राणी. हजार वर्षे भरण्याआधी त्याला माणूस व्हायचे असते. परंतु त्याने जपलेला मणी एका विद्यार्थिनीच्या पोटात जातो आणि दोघांना एका घरात राहावे लागते. गुमिहो माणसाचे 'गान' खातो अशी जुनी समजूत आहे आणि 'गान' म्हणजे लिव्हर. (आद्याक्षर खरे तर क आणि ग यांच्या मधले आहे, पण 'कान' लिहिले तर भलताच अवयव खाल्ला जाईल.) मी 'काळीज खाणारा' असे लिहिले, थोरल्या बहिणीने ते खोडून 'यकृत' केले, कारण काळीज म्हणजे हृदय असे तिचे ठाम मत आहे. त्यातच शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'गान गळून पडेल असा एकत्र मुक्काम' असा होतो. कोरियनमध्ये गान गळणे म्हणजे भयंकर दचकणे, त्यामुळे भीती आणि गुमिहोचा आहार दोन्ही एकाच शब्दात येतात. मराठीत हा श्लेष कसा साधावा?

जुनी पाटी :
आपल्या ताईंना सांगा की त्यांनी एकदा गावातल्या मटणवाल्याकडे जावे. आमच्या लहानपणी वडील 'काळीज, फोपसे आणि थोडी वजडी' असे सांगत, तेव्हा दुकानदार काळीज म्हणून यकृतच कापून देत असे, आणि त्याबद्दल त्याला कधी कोशात पाहावे लागले नाही. कोशातच पाहायचे असेल, तर मोल्सवर्थनेही काळीज म्हणजे यकृत असाच अर्थ दिला आहे. संस्कृतातल्या 'कालेय'पासून प्राकृत 'कालेज्ज', आणि तिथून आपले काळीज व हिंदीतले कलेजा, असा हा सरळ प्रवास आहे. लोककथेत 'यकृत' हा शब्द आला की मला रक्ततपासणीचा अहवाल वाचल्यासारखे वाटते.

दुर्बीण :
व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु शब्द जिथून निघाला तिथेच राहत नाही. मी वीस वर्षे जीवशास्त्र शिकवीत आहे आणि 'काळजाचा ठोका चुकला' असे म्हणणाऱ्या एकाही विद्यार्थ्याच्या मनात यकृत नसते, कारण यकृताला ठोके नसतात. काळीज धडधडते, काळजाला भिडते, काळजाचा तुकडा असतो. या सगळ्यांत आजचा वाचक छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवतो. शिवाय ही प्रेमकथा आहे. नायक 'काळीज खातो' असे वाचून पंधरा वर्षांची मुलगी त्याचा अर्थ लाक्षणिक घेईल आणि खरी भीती नाहीशी होईल. यकृत हा शब्द रुक्ष असेल, पण तो आयुर्वेदापासून चालत आला आहे. त्याला प्रयोगशाळेतला ठरवणे अन्यायाचे आहे.

पाणवठा :
या वादाचे एक जुने उत्तर आपल्या सर्वांना बालपणीच मिळालेले आहे. मगरीच्या पाठीवर बसलेले माकड 'काळीज झाडावर राहिले' असे सांगून सुटते, ती गोष्ट आठवावी. पंचतंत्रात तिथे 'हृदय' आहे, मराठी आजीने सांगताना ते काळीज केले. हीच गोष्ट बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे कोरियात गेली, तेव्हा माकडाचा ससा झाला, मगरीचे कासव झाले आणि आजारी नागराजकन्येसाठी हवे होते ते सशाचे गान. ११४५ मध्ये सिद्ध झालेल्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात ती आहे : ६४२ मध्ये कोरियातल्या सिल्ला राज्याचा किम छुन-छू मदत मागायला गोगुर्यो या दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथे अडकला, तेव्हा एका दरबाऱ्याने त्याला ही गोष्ट ऐकवून सुटकेची युक्ती सुचवली. मौज अशी, की औषध म्हणून मागितले जाते ते यकृत, पण ससा सांगतो की मी माझे हृदय-यकृत धुऊन खडकाखाली ठेवले आहे. तिथे जोडशब्दच आहे. म्हणजे घोळ केवळ आपल्या ताईंचा नाही. तो आशियाभर पसरलेला आहे, आणि म्हणून दोन्ही अर्थ पोटात घेणारा 'काळीज' हाच शब्द मला योग्य वाटतो.

खडीसाखर :
जिगर का नको? फारसीत जिगर म्हणजे यकृतच. कोरियनमध्ये 'गान मोठे असणे' म्हणजे धाडसी असणे, असे मी शिकले आहे, आणि आपल्याकडे अशा माणसाला जिगरबाज म्हणतात. इतका नेमका जोड दुसरा मिळणार नाही.

जुनी पाटी :
जिगरबाज खेळाडू असतो आणि जिगरी दोस्त असतो, पण 'त्याने प्रवाशाचे जिगर खाल्ले' हे मराठी नाही. घरात काळीज असताना उसने कशाला आणायचे?

खडीसाखर :
आपण वर 'दुकानदार' लिहिले आहे. दुकान कोणत्या घरातले आहे, हे कृपया सांगावे.

रानवाट :
यकृताचा निकाल लागेपर्यंत मला मूळ प्राण्याबद्दलच शंका आहे. गुमिहोचा 'नऊ शेपटांचा कोल्हा' असा अनुवाद सगळीकडे दिसतो आणि तो चुकीचा आहे. गु म्हणजे नऊ, मि म्हणजे शेपूट आणि हो म्हणजे खोकड. कोल्हा हा वेगळा प्राणी आहे. रात्री कोल्हेकुई करतो तो. खोकड लहान, सडपातळ, झुपकेदार शेपटीचे असते आणि आमच्या माळरानावर मी ते अनेकदा पाहिले आहे. इसापाच्या गोष्टींतल्या खोकडाला अनुवादकांनी कोल्हा केले आणि आंबट द्राक्षे कायमची त्याच्या माथी मारली.

दुर्बीण :
प्राणिशास्त्राच्या दृष्टीने आपले शंभर टक्के बरोबर आहे.

सांजवात :
बरोबर असेल, पण आमच्याकडे अगदी जर्जर म्हाताऱ्याला 'खोकड झाला' असे म्हणतात. नायक ९९९ वर्षांचा असला तरी दिसतो पंचविशीतला. त्याला खोकड म्हटले तर प्रेमकथा पहिल्याच पानावर संपेल. शिवाय कोरियात उन्हातल्या पावसाला 'योउबी', म्हणजे खोकडाचा पाऊस म्हणतात. तिथली कथा अशी आहे की खोकडीवर ढगाचे प्रेम होते, तिचे लग्न वाघाशी लागले आणि ढग सूर्याआड रडला. ऊन-पावसात आपण मात्र कोल्ह्याचे लग्न लावतो. हा धागा मला सोडवत नाही, म्हणून मी कोल्हाच ठेवणार आहे. आता कृपया शीर्षकाकडे वळावे.

पाणवठा :
शीर्षकासाठी 'गर्भगळीत' पाहावे. तिथे गान गळते, इथे गर्भ गळतो. भीतीने आतले काहीतरी गळून पडते ही कल्पना तीच आहे. उलट आपला जीव भांड्यात पडतो तेव्हा आपल्याला हायसे वाटते, म्हणून 'पडणे' टाळून 'गळणे' धरावे.

सांजवात :
कल्पना सुरेख आहे, पण तरुण मुलगा आणि मुलगी एका घरात राहतात अशा कथेच्या शीर्षकात 'गर्भ' आला, तर वाचक भलतेच कथानक गृहीत धरतील. आणि काळीज हातचे जाईल ते वेगळेच.

दुर्बीण :
म्हणूनच म्हणते, आत 'यकृत' लिहावे आणि शीर्षकात 'काळजाचा ठोका' ठेवावा.

जुनी पाटी :
म्हणजे त्याने खायचे एक आणि चुकायचे दुसरेच? मग श्लेष कुठे राहिला?

रानवाट :
खोकडाच्या लिंगाबद्दल कोणीच बोलले नाही. आमच्याकडे 'ते खोकड' म्हणतात, पण नाशिककडच्या एका मित्राकडून मी 'ती खोकड' असे ऐकले आहे. कोरियनमध्ये नामांना लिंगच नसते, त्यामुळे तिथून काही मदत होणार नाही. विदर्भात काय म्हणतात?