पोळी बंद केल्याने डोळे मिचकावणे थांबते का?

ओसरी

गेल्या आठवड्यात ‘चिंचगूळ’ यांनी लिहिलेला लेख मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझा चहा गार झाला. ज्यांच्या नजरेतून तो सुटला असेल त्यांच्यासाठी सार असे: त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाचे डोळे मिचकावणे आणि खांदा उडवणे गहू, दूध व साखर बंद केल्याने आणि मॅग्नेशियमची पावडर सुरू केल्याने अकरा आठवड्यांत थांबले, आणि ‘ज्या पालकांना एवढे कष्ट नकोत ते मुलांना गुंगीच्या गोळ्या देतात’. मुलगा बरा आहे याचा मला आनंदच आहे. मला उत्तर द्यायचे आहे ते शेवटच्या वाक्याला.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी त्याचे डोळे मिचकावणे सुरू झाले. त्याला धुळीची अ‍ॅलर्जी असल्यामुळे हेही त्यातलेच, असे सर्वांनी गृहीत धरले आणि डोळ्यांत थेंब पडू लागले. मग तो नाक ओढू लागला, तेव्हा नाकात फवारा आला. घसा खाकरू लागला, तेव्हा खोकल्याचे औषध आले. आजीने दोनदा दृष्ट काढली, आणि सगळ्यांत तोच उपाय निरुपद्रवी ठरला. या तिन्ही गोष्टी टिक्स, म्हणजे मुलाच्या इच्छेविना पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज, आहेत हे सांगणारे मेंदूविकारतज्ज्ञ भेटेपर्यंत दीड वर्ष गेले होते. शेंगदाण्याचे वावडे मात्र त्याला खरोखरच आहे. दीड वर्षाचा असताना दाण्याच्या लाडवाचा नखाएवढा तुकडा त्याच्या तोंडात गेला, आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

टिक्सना भरती-ओहोटी असते. बहुधा चौथ्या ते सहाव्या वर्षी ते सुरू होतात, दहा ते बारा या वयात सर्वांत जोरात असतात, पुढे बहुतेक मुलांत ओसरू लागतात, आणि या सगळ्या काळात काही आठवडे आपोआप कमी, काही आठवडे आपोआप जास्त होत राहतात. कोणतेही आई-वडील मूल बरे असताना नवा उपाय सुरू करत नाहीत. भरती शिगेला पोचली, शाळेतून चिठ्ठी आली, की मगच करतात. त्यानंतर जी ओहोटी येणारच असते तिचे श्रेय त्या वेळी हाताशी असलेल्या उपायाला मिळते. आमच्या घरी ते अनुक्रमे थेंब, फवारा, दृष्ट आणि गहू यांना मिळाले.

होय, गहू आम्हीही बंद केला होता. रक्ताच्या एका नमुन्यावर दोनशे पदार्थ तपासून देणारी चाचणी आम्ही केली आणि तिने गहू, दूध, अंडे, वांगे, टोमॅटो धरून एकतीस पदार्थ लाल रंगात दाखवले. ती चाचणी रक्तातली जी प्रतिपिंडे (शरीराची संरक्षक प्रथिने) मोजते त्यांवरून मूल तो पदार्थ खाते एवढेच कळते, आणि युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अन्नाच्या वावड्यासाठी ती करू नये असे सांगितले आहे, हे मला पैसे भरल्यावर कळले. दुसऱ्या महिन्यात टिक्स जवळजवळ गेले. चौथ्या महिन्यात, सगळे पदार्थ बंद असतानाच, मान झटकणे नव्याने सुरू झाले. तोवर मुलाचे अडीच किलो वजन उतरले होते, आणि तो प्रत्येक घासाआधी विचारू लागला होता, ‘बाबा, हे खाल्ले तर मान उडेल का?’ या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे आहे त्यांनीच मला कष्टांविषयी शिकवावे.

आपल्या भाषेत वावडे असणे, न मानवणे आणि न आवडणे हे तीन वेगळे प्रयोग आहेत. तिन्हींना सरसकट ‘अ‍ॅलर्जी’ म्हणू लागल्यापासून ज्याचा श्वास अडकतो त्या मुलाकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही.

चिंचगूळ

आपला चहा गार झाल्याबद्दल दिलगीर आहे. आता माझेही ऐकावे.

‘गुंगीच्या गोळ्या’ हा शब्द मी ऐकीव माहितीवर लिहिलेला नाही. माझ्या मुलाला टिक्ससाठी रिस्पेरिडोन हे मनोविकारांवरचे औषध दिले होते. चार महिन्यांत त्याचे सहा किलो वजन वाढले, वर्गात तो बाकावर डोके ठेवून झोपू लागला, आणि बाईंनी आनंदाने कळवले की आता तो अजिबात त्रास देत नाही. डॉक्टरांना सांगितले तेव्हा ‘टिक्स कमी झाले ना?’ एवढेच उत्तर मिळाले. ज्या आईने हे पाहिले तिने स्वयंपाकघरात उत्तर शोधले तर तिला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

पूरकांबद्दलही मी डोळे झाकून काही केलेले नाही. भूक वाढावी म्हणून दिलेले बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक सुरू केले की तो रात्री दोनला टक्क जागा होई आणि दिवसा खांदा दुप्पट उडे. बंद केले, थांबले. पुन्हा दिले, पुन्हा झाले. तिसऱ्यांदा त्याच्या आजीने मला न सांगता दिले, आणि मला काही माहीत नसताना मी विचारले, ‘आज याला काय झाले आहे?’ आपल्या भरती-ओहोटीत हे बसवून दाखवावे. एका मुलावरून नियम होत नाही हे मलाही कळते, पण मला एकच मूल आहे.

‘कष्ट’ हा शब्द मागे घेते. बाकीचा लेख नाही.

हिमरेषा

मी अमेरिकेत, मिनेसोटात राहते. दोघांनीही एक गोष्ट पाहिलेली दिसत नाही. गहू आणि मॅग्नेशियम यांवर एवढी चर्चा झाली, पण धुळीच्या अ‍ॅलर्जीसाठी मुलाला रोज रात्री काय दिले जाते, हे ‘ओसरी’ यांनी लिहिलेले नाही.

आमच्या मुलीला धुळीच्या वावड्यासाठी मॉन्टेलुकास्ट हे औषध दिले जात होते. तिसऱ्या आठवड्यापासून ती झोपेत किंचाळून उठू लागली, दिवसा चिडचिड करू लागली आणि घसा खाकरू लागली. आम्ही ते अ‍ॅलर्जी वाढल्याचे लक्षण समजून औषध नेटाने चालू ठेवले. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये या औषधावर चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण वागण्यावर आणि मनावर होणाऱ्या परिणामांच्या तक्रारी येत होत्या. नोंदलेल्या परिणामांच्या यादीत दुःस्वप्ने, अस्वस्थता, तोतरेपणा यांच्यासोबत टिक हा शब्दही आहे. नुसत्या शिंका आणि वाहते नाक यांसाठी इतर औषधांनी भागत असेल तर हे देऊ नये, असेही तेव्हा सांगितले गेले. डॉक्टरांशी बोलून आम्ही ते थांबवले. किंचाळणे आठवड्यात थांबले, खाकरणे थांबायला दोन महिने लागले, आणि ते ओहोटीमुळे थांबले की औषध गेल्यामुळे, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी पुण्यात तिला सर्दी झाली तेव्हा तेच औषध, लिव्होसिट्रिझिन या शिंकांवरच्या औषधासोबत एकाच गोळीत घालून, दोन मिनिटांत लिहून मिळाले. झोपेबद्दल किंवा स्वभावाबद्दल एक प्रश्न विचारला गेला नाही.

ओसरी

हिमरेषा, आपला प्रतिसाद वाचून मी उठून औषधांचा डबा उघडला. तीच जोडगोळी, सव्वातीन वर्षे, दर पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर. डोळे मिचकावणे त्याआधीचे आहे, त्यामुळे सगळे खापर तिच्यावर फोडता येणार नाही. पण रात्री दचकून उठणे त्यानंतरचे आहे, आणि ते आम्ही अभ्यासाच्या ताणावर ढकलले होते. सोमवारी डॉक्टरांना विचारतो. मला हे आवडलेले नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

चिंचगूळ, आजीने गुपचूप टॉनिक दिल्याचा प्रसंग माझ्या मांडणीत बसत नाही, हे मान्य आहे. अजाणता घडलेली ती चाचणी माझ्या एकतीस पदार्थांपेक्षा चांगली होती. पण टॉनिक न मानवणे आणि गव्हाने टिक्स होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण तीनदा पाहिलीत, दुसरी एकदाच. आणि उपाय म्हणजे गोळी किंवा आहार एवढेच नाही. टिक येण्याआधीची कळ, म्हणजे ती हालचाल करावीशी वाटण्याची ऊर्मी, ओळखून तिच्या विरुद्ध हालचाल करायला शिकवण्याची जी पद्धत आहे तिची १२६ मुलांवरची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दहा आठवड्यांत सुमारे निम्म्या मुलांना लक्षणीय फरक पडला, तर नुसत्या समुपदेशनाने पाचांपैकी एकापेक्षाही कमी मुलांना पडला. ती शिकवणारी व्यक्ती गाठण्यासाठी आम्ही दर पंधरा दिवसांनी नाशिकहून मुंबईला जातो, हेही कष्टांच्या खात्यात लिहावे.

वॉर्ड नंबर चार

मॅग्नेशियमने बहुधा पोट बिघडते आणि तेवढ्यावर भागते. पण पूरके म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी आमच्या वॉर्डात यावे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती तीन आठवडे रोज घेतलेला मुलगा उलट्या, बद्धकोष्ठता आणि न भागणारी तहान घेऊन आमच्याकडे आला होता. त्या पुड्यांनी वाढलेले रक्तातले कॅल्शियम उतरायला दिवस लागले. ब६ दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतले तर हातापायांच्या नसा बधिर होतात, आणि टिक्ससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत मॅग्नेशियमच्या जोडीला बहुधा तेच असते. डबीवरचे बारीक अक्षर वाचावे.

तिसरी घंटा

मी शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गात बावन्न मुले आहेत. टिक्सबद्दल पालकांनी आधी सांगितले तर वर्ग सांभाळता येतो, हे मी दोनदा अनुभवले आहे. आवाज काढणाऱ्या मुलाकडे मी पाहिलेच नाही तर आठवड्याभरात मुलेही पाहायची थांबतात. माझी तक्रार वेगळी आहे. यंदा एका पालकांच्या अर्जावरून आमच्या वर्गात डब्यात शेंगदाणा आणण्यास बंदी झाली. आषाढी एकादशीला काय आणायचे? उपवासाच्या खिचडीत कूट नसेल तर साबुदाण्याचा लगदा उरतो. संक्रांतीला तिळगूळ नाही, सहलीला चिक्की नाही. एका मुलासाठी एकावन्न मुलांनी उपाशी राहायचे का?

निवृत्त मास्तर

तिसरी घंटा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी सातारा जिल्ह्यात छत्तीस वर्षे नोकरी केली. मुले शेंगा भाजून खिशात भरून वर्गात येत, फोलपटे झाडताना शिपाई कंटाळत असे. एकाचाही ओठ सुजल्याचे मला आठवत नाही. आजकालच्या आयांनी मुलांना काचेच्या कपाटात ठेवल्यामुळे हे होते आहे. आणि परदेशातही आता लहानपणीच दाणे भरवा असेच सांगतात, हे मी वाचले आहे.

ओसरी

मास्तर, आपण जे वाचले ते अर्धे वाचले. २०१५ चा तो अभ्यास लंडनमध्ये ६४० बाळांवर झाला. चार ते अकरा महिन्यांच्या, तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या बाळांना शेंगदाणा नियमित दिल्यावर पाचव्या वर्षी वावडे सुमारे तीन टक्के मुलांत दिसले, न देणाऱ्यांत सतरा टक्क्यांत. आधीच तीव्र वावडे दिसणारी बाळे त्यात घेतलीच नव्हती. माझ्या मुलाला आता मूठभर शेंगा चारल्या तर तो सुधारणार नाही, मरेल. आपल्या छत्तीस वर्षांत एखादे मूल लाडू खाऊन दगावले असते तर गावाने त्याला काय म्हटले असते? ‘काहीतरी लागले’ किंवा ‘बाहेरचे झाले.’ आपल्या आठवणीत ते शेंगदाण्याखाली नोंदलेच गेले नसते.

तिसरी घंटा, खिचडीसाठी माझ्या मुलाचा श्वास मोजायला लावू नका.

तिसरी घंटा

आवाज चढवू नये. मी खिचडीसाठी कोणाचा जीव मागितलेला नाही. पण बंदीने नेमके काय होते ते वर्गात उभे राहून पाहिलेले मी सांगते. ‘दाणा नाही’ म्हणून आणलेल्या काकडीच्या कोशिंबिरीत कूट असते, कारण आईला तो घटक वाटतच नाही. वांग्याच्या भाजीत असते, चटणीत असते. नोटीस लावून मुख्याध्यापक निश्चिंत होतात आणि काही झाले तर जबाबदार मी. त्या पालकांनी मला वावड्याच्या तीव्र झटक्यात टोचायच्या अ‍ॅड्रिनॅलिनची काचेची कुपी, सिरिंज आणि कागदावर मात्रा लिहून दिली. ती कुपी मी फोडायची, मोजून भरायची आणि मांडीत टोचायची? बावन्न मुलांसमोर? उद्या चुकले तर माझी नोकरी, माझे घर, पोलीस. हे कोणी बोलत नाही, सगळे चिक्कीवर बोलतात.

ओसरी

चिक्कीवर आपणच बोलत होता. पण कुपीबद्दल आपण बरोबर आहात. आपोआप टोचणारे पेन आमच्या गावात मिळाले नाही, म्हणून आम्हीही कुपीच दिली आहे, आणि पहिल्यांदा सराव करताना दोन कुप्या माझ्याच हातून फुटल्या. आमच्या शाळेत डब्यांवर बंदी नाही. माझा मुलगा दाराजवळच्या बाकावर स्वतःचाच डबा खातो आणि खाऊन झाल्यावर शेजारची चौघे साबणाने हात धुतात. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही, साबणाने जातो. वाढदिवसाचा खाऊ घरी नेऊन उघडायचा. एकादशीला बाईंनी त्याला वाचनालयात बसवले तर मी रागावत नाही, जरी तो रागावतो.

हिमरेषा

संक्रांतीचे म्हणाल तर इथे १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तिळाचा वेगळा उल्लेख सक्तीचा आहे. भारतातल्या २०२० च्या लेबल नियमांतल्या यादीत शेंगदाणा आहे, तीळ नाही. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात कोणी विचारले की मी घटक मोठ्याने वाचून दाखवते, आणि दरवर्षी एक काकू म्हणतात, ‘तिळाने कधी कोणाला काही झाले आहे का?’

निवृत्त मास्तर

काचेच्या कपाटाचे विधान मागे. फोलपटांचे नाही.

चिंचगूळ

पाच दिवस मी मुद्दाम लिहिले नाही. गुरुवारपासून त्याची मान झटकते आहे. गहू, दूध, साखर अजून बंदच आहे, पावडरही चालू आहे. घटक चाचणी येत्या आठवड्यात आहे, ताण असेल, हवा बदलली आहे, कारणे मला पुष्कळ सुचतात. काल रात्री त्याने ‘मी चोरून बिस्किट खाल्ले नाही’ असे आपण होऊन सांगितले. मी विचारलेही नव्हते. आपण जिंकलात असे कृपया समजू नये. टॉनिक मी देणार नाही, आणि त्या गोळीवरही परत जाणार नाही.

ओसरी

दोन्हींपैकी काहीच करू नये असे माझेही मत आहे. त्याला संध्याकाळी मान दुखते का? आमच्याकडे गरम पाण्याच्या पिशवीने बरे वाटायचे. मानेसाठी शिकवलेली विरुद्ध हालचाल अशी: हनुवटी किंचित खाली आणि आत घ्यायची, नजर समोर, मानेचे स्नायू हलकेच ताठ, आणि कळ ओसरेपर्यंत तसेच थांबायचे. वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या बाईंचा पत्ता निरोपातून पाठवतो. त्या शनिवारी बसतात, आणि पहिल्या दोन बैठकांत मुलाशी फक्त क्रिकेटवर बोलतात, तेव्हा पैसे वाया गेले असे वाटून घेऊ नये.