मदत हवी आहे: पद्मिनीला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवावा का?

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्ब्युरेटर. निपाणीत घरीच काम चालू आहे. सकाळी गार असताना झकास पळते. दुपारी मात्र तवंदी घाट चढताना अर्ध्यात बंद. इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू!

स्पार्क देणारे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल नवीन. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं आहे, रेडिएटर धुतला. काटा मध्येच असतो, म्हणजे पाणी तापत नाही. बंद पडल्यावर स्पार्क येतो, पण पेट्रोल फिल्टरची वाटी रिकामी. म्हणून व्हेपर लॉकच वाटतो, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. मेस्त्री म्हणतात, "इथेनॉलचं पेट्रोल, दुसरं काय!" असेलही, पण बाजारात पेट्रोल तेच मिळतंय.

आता इंजिनवरचा पंप काढून मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक बसवायचा विचार आहे. अडचण एकच, गाडीला अजून डायनॅमोच आहे (तो अल्टरनेटरपेक्षा कमी वीज देतो) आणि अल्टरनेटर इतक्यात घालायचा नाही.

कुणी केलंय का? सोलेक्सची नीडल (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी झडप) किती पीएसआयपर्यंत दाब सोसते, दाब कमी करणारा रेग्युलेटर लागतोच का? आणि रात्री दिवे लावून डायनॅमोवर हा पंप निभावतो का?