चाळीच्या भिंतीवर ग्राफिटी काढू द्यायची का?

करीरोडचा:
मंडळी, सल्ला हवाय. आमची चाळ करी रोडला, कोपऱ्यावरची मोठी भिंत आमचीच. मागच्या आठवड्यात आर्ट कॉलेजची एक मुलगी आणि एक मुलगा आले, म्हणाले काका भिंत फुकट रंगवून देतो, रंग आमचा, तुम्ही फक्त हो म्हणा. स्केच दाखवलं, मस्त आहे खरं तर, लोकलच्या दारात लटकलेली भलीमोठी बाई, सगळी निळी. चाळीतली तरुण पोरं एकदम खूश. अडचण अशी की त्या भिंतीवर आमच्या मंडळाचं नाव आहे आणि त्याखाली १९८२ च्या संपातली घोषणा. घोषणेवर नंतर कितीदा तरी चुना मारलाय, उन्हाळ्यात काही दिसत नाही, पण पावसात भिंत भिजली की लाल अक्षरं वर येतात, 'गिरणी' एवढं तर मला चष्म्याशिवाय वाचता येतं. वडील दर पावसाळ्यात गॅलरीत उभे राहून बघायचे, बोलायचे काही नाही. आणि याला ग्राफिटी म्हणणं तरी बरोबर आहे का, मला वाटायचं ग्राफिटी म्हणजे रात्री न विचारता काढतात ती?

रानवारची:
बरोबर आहे तुमचं, विचारून काढलं की म्युरल, म्हणजे भित्तिचित्र. पण हल्ली सगळ्यालाच ग्राफिटी म्हणतात, सोडा. मी वांद्र्याची, चॅपल रोडच्या बाजूची. २०१२ मध्ये चित्रकार रणजित दहियांनी तिथे भिंतीवर सिनेमातली अनारकली रंगवली, मग एकेक करत गल्लीतल्या भिंती भरत गेल्या. आता रविवारी प्री-वेडिंगवाले येतात. आमची आजी ओट्यावर भाजी निवडत बसायची, एकदा एक कॅमेरावाला म्हणाला आंटी जरा फ्रेममधून सरकता का. आजी पंचाहत्तर वर्षं त्या ओट्यावर बसतेय हो! सरकली नाही, वर त्याच्याकडून मेथीची जुडी निवडून घेतली. पण खोटं कशाला बोलू, कॉलेजात कुणी कुठे राहतेस विचारलं की मीच अनारकलीच्या मागे म्हणून सांगायचे आणि मिरवायचे. चित्र बाहेरच्यांसाठी असतं की आपल्यासाठी हे मला अजून कळलेलं नाही.

क्वीन्सकर:
मी न्यूयॉर्कला असतो, इथली गोष्ट सांगतो. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने टाकी १८३ नावाच्या एका पोरावर बातमी केली होती, कुरिअरसारखं काम करायचा, जाईल तिथे मार्करने नाव लिहायचा. टाकी हे टोपणनाव आणि १८३ म्हणजे तो राहायचा त्या रस्त्याचा नंबर. बाकीची पोरंही तसंच लिहायची, नावापुढे आपला रस्ता. म्हणजे तुमचा आयडी 'करीरोडचा' तसंच की दादा 😄 आणि तुमच्या मंडळाचं नावसुद्धा तेच, आम्ही इथले. त्या हिशोबाने तुमच्या भिंतीवर ग्राफिटी आधीपासून आहे, ही पोरं आणतायत ती सजावट.
दुसरं म्हणजे परवानगीचं लेखी ठेवा. इथे फाइव्ह पॉइंट्झ म्हणून जुनी फॅक्टरी होती, ७ नंबरच्या ट्रेनमधून पूर्ण दिसायची, मालकाच्याच संमतीने रंगवलेली. २०१३ च्या नोव्हेंबरात त्याने रातोरात पांढरा रंग फासला, पुढे पाडून टॉवर बांधले. २१ आर्टिस्ट कोर्टात गेले, २०१८ मध्ये कोर्टाने ६७ लाख डॉलर भरपाई मंजूर केली त्यांना. पैसे मिळाले, पण भिंत गेली ती गेलीच.

चुनाकाम:
अमेरिका राहू द्या, आपल्याकडचं बघा. पागडीची चाळ असेल तर भिंत मालकाची, कमिटीच्या होकाराला अर्थ नाही, आधी त्याची सही घ्या. नाहीतर मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे, कुणी तक्रार केली तर त्या पोरांना उगाच त्रास.
आता कामाचं. चुन्यावर डायरेक्ट रंग धरत नाही, पोपडे निघतात. म्हणून ती पोरं आधी भिंत खरवडणार, मग प्रायमर, मग वर प्लास्टिक पेंट. खरवडताना तुमची घोषणा अर्धी जाणार आणि उरलेलीवर असा थर बसणार की पाणीच आत जाणार नाही. म्हणजे पावसात अक्षरं दिसायची बंद, कायमची. तेवढा पट्टा चुन्याचाच ठेवा, बाईला वर सरकवा.
बाकी चित्राची माया लागते हे खरं. २००९ च्या ऑगस्टमध्ये तुळशी पाईप रोडची रेल्वेची लांबलचक भिंत रंगवायला सगळ्यांनाच बोलावलं होतं, मीपण गेलो, माझ्या वाट्याला जेमतेम चार फूट. पतंग काढला, वाकडाच आला. पुढे कित्येक महिने बसमधून त्या बाजूची खिडकी पकडायचो. एक दिवस बघतो तर पतंगावर क्लासची जाहिरात, इतका राग आला की त्या नंबरवर फोन करून भांडलो.

करीरोडचा:
चुनाकाम दादा, थर बसला की पाणी आत जाणार नाही हे डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू. काल त्या दोघांना बोलावलं आणि पाऊस नाही म्हणून गच्चीवरच्या टाकीला पाईप लावून भिंत भिजवली. पाचेक मिनिटांत 'गिरणी' आलं, मग 'कामगार', पुढचं धड लागत नाही. आमची तरुण पोरं मोबाईल काढून उभी, त्यातल्या निम्म्यांनी हे कधी बघितलंच नव्हतं. ती मुलगी म्हणाली काका मी स्केच बदलते, खालचे सहा फूट सोडते. मंडळाचं नाव मात्र पोरांना नव्या फॉन्टमध्ये हवंय, त्यावरून रात्री साडेअकरापर्यंत भांडण चाललं. आणि मालकाला सकाळपासून चार फोन केले, उचलत नाहीये.