मदत हवी आहे: 'द गोल्डन कंपास'चा शेवट मुलीला कसा समजावू?

माझ्या ११ वर्षांच्या मुलीने फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' संपवलं आणि लगेच त्यावरचा २००७चा 'द गोल्डन कंपास' हा सिनेमा बघितला. नायिका लायरा तिचा मित्र रॉजरसोबत उडत्या जहाजात (एअरशिप) असतानाच सिनेमा संपला, तशी माझी मुलगी हिरमुसली. "रॉजरचं पुढे काय झालं ते का नाही दाखवलं?"

पुस्तकाचा शेवट सिनेमात नाहीच. मॅजिस्टेरियमचं (कथेतली सत्ताधारी धर्मसंस्था) चर्चशी असलेलं नातंही पुसट केलंय. इतकं करूनही अमेरिकेतल्या कॅथलिक लीग या संघटनेने बहिष्काराची हाक दिलीच! मला त्या पुसट करण्याचंच जास्त वाईट वाटतं.

श्रद्धा वेगळी आणि धर्मसंस्थेची सत्ता वेगळी, हे या वयाच्या मुलीला कसं सांगायचं? तिची आजी श्रद्धाळू आहे, तिचं मन दुखवायचं नाहीये. याच पुस्तकांवरची २०१९ची 'हिज डार्क मटेरियल्स' ही मालिका कुणी मुलांसोबत पाहिली आहे का? त्यातला रॉजरच्या मृत्यूचा प्रसंग झेपेल का तिला?