मदत हवी आहे : हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांच्या शहादतीच्या तपशिलाबद्दल

सलाम. पैगंबरांचे सहाबी (साथी) असलेल्या मुसअब यांच्यावर मुलांसाठी मराठीत छोटी पुस्तिका करतोय. मक्केतलं श्रीमंत घर, आईने डांबून ठेवणं, हबशाची (अबिसीनियाची) हिजरत म्हणजे स्थलांतर, मग 621 मध्ये यस्रिबला (मदीनेला) जाऊन तिथल्या असअद बिन जुरारा यांच्या घरी राहून कुरआन शिकवणं, एवढं पक्कं झालंय. अडलंय ते उहुदच्या लढाईपाशी (625).

झेंडा त्यांच्या हाती होता आणि शत्रूपक्षाच्या इब्न कमिआने त्यांना शहीद केलं, हे पैगंबरांचे चरित्रकार इब्न इसहाककडे आहे. उजवा हात तुटला, झेंडा डावीकडे घेतला, तोही तुटल्यावर दंडांनी छातीशी धरला, हा प्रसंग इब्न सादच्या ‘तबकात’ या चरित्रकोशात येतो. तिथे त्यांच्या तोंडी कुरआनातल्या आले इमरान सूरेची 144 वी आयतही आहे, आणि ती तेव्हा उतरलीच नव्हती असंही तिथेच म्हटलंय. मुलं नेमकं इथेच विचारणार!

कफनाचा प्रसंग मात्र बुखारी या हदीससंग्रहात सहाबी खब्बाब (रजि.) यांच्याकडून आहे: चादर एकच, डोकं झाकलं की पाय उघडे, म्हणून पायांवर इजखिर गवत. माझ्या मते शेवट यावरच हवा.

हातांचा प्रसंग मजकुरात घ्यावा, की ‘इब्न साद सांगतात’ म्हणून चौकटीत? या रिवायतीच्या (कथनाच्या) सनदेबद्दल, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीबद्दल, मुहद्दिसांचं (हदीसतज्ज्ञांचं) मत कुणी संदर्भासह सांगेल का?