मदत हवी आहे: कोयनेत बुडालेल्या वाडीच्या नोंदी

आमची वाडी शिवसागर जलाशयात गेली. स्वतंत्र महसुली गाव नसल्याने कागदोपत्री तिचं नावच सापडत नाही. १८८५चं सातारा गॅझेटियर पाहिलं, जनगणनेची जुनी पुस्तिकाही. दोन्हीकडे फक्त मूळ गाव. तलाठ्याकडचे फेरफारही त्याच गावाच्या नावाने. हाती उरलीय आजीच्या ट्रंकेतली शेतसाऱ्याची एक मोडी पावती, घडीवर फाटलेली. मोडी वाचणारे ओळखीचे आहेत, ती अडचण नाही. वाडी जाणणारी माणसं आता मोजकीच राहिलीत, म्हणून घाई आहे.

भूसंपादनाच्या निवाड्यात घरमालकांची वाडीवार यादी असते का? आणि ते निवाडे साताऱ्याच्या अभिलेख कक्षात मागायचे की पुण्याच्या पुराभिलेखागारात? रजा एकाच दिवसाची मिळणार आहे, आधी कुठे जाऊ?